विश्लेषण : ब्रिटनमधील इंजिनाचे नाव ‘कोल्हापूर’ कसे? ‘ज्युबिली’ वर्गाची फसलेली सुरुवात आणि बिहटाचा धडा आज का महत्त्वाचा?

जानेवारी २०२५ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी समाजमाध्यमावर टाकलेली एक चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. वंदे भारत शयनयान गाडी, टेबलावर जवळजवळ काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास, शेजारी वेग दाखवणारा मोबाइल. वेग ताशी १८० किलोमीटर आणि ग्लासातले पाणी जागच्या जागी. ही राजस्थानातील कोटा विभागातली चाचणी होती. अनेकांनी ती कौतुकाने पुढे पाठवली, काहींनी ‘याने काय सिद्ध होते?’ असा प्रश्न केला.

प्रश्न रास्त आहे. प्रवाशांना गाडीत बसवण्याआधी ती रुळांवर किती डोलते हे मोजण्याची गरज कधी आणि कशामुळे पटली? याचे उत्तर शोधताना ब्रिटनच्या वाफेच्या एक्स्प्रेस इंजिनांच्या एका वर्गापर्यंत जावे लागते. या वर्गातल्या एका इंजिनाचे नाव ‘कोल्हापूर’, दुसऱ्याचे ‘बॉम्बे’. ही इंजिने आखणाऱ्या अभियंत्यावरच पुढे भारतातल्या एका भीषण अपघातानंतर इथल्या इंजिनांची तपासणी करण्याची वेळ आली.

‘कोल्हापूर’ इंजिन आहे कुठे?

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात टाइझली नावाचे जुने रेल्वे शेड आहे. तिथल्या संग्रहातील एका वाफेच्या इंजिनावर ठळक अक्षरांत ‘कोल्हापूर’ असे नाव आहे. त्याचा क्रमांक ४५५९३. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने ते १९३४ च्या अखेरीस बांधले. तेव्हा त्याचा क्रमांक ५५९३ होता. १९४८ मध्ये ब्रिटनच्या रेल्वे कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा जुन्या क्रमांकात ४० हजार मिळवले गेले आणि ते ४५५९३ झाले.

हे इंजिन कोल्हापुरात कधी आले नाही आणि येऊ शकतही नव्हते. १८९१ मध्ये सुरू झालेला मिरज-कोल्हापूर मार्ग तेव्हा मीटर गेज होता, म्हणजे दोन रुळांमधले अंतर एक मीटर. ‘कोल्हापूर’ इंजिन ब्रिटनच्या १४३५ मिलिमीटर रुंदीच्या मार्गासाठी बांधलेले होते. म्हणजे करवीरचे नाव लावून ते आयुष्यभर लंडन, लीड्स, कार्लाइल अशा विलायती स्थानकांमधून धावत राहिले.

ही नावे ठरली कशी?

लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वे ही त्या काळातली ब्रिटनची सर्वात मोठी रेल्वे कंपनी. सोयीसाठी तिला ‘एलएमएस’ म्हणू. तिने १९३४ ते १९३६ या काळात एकाच आराखड्याची १९१ एक्स्प्रेस इंजिने बांधली किंवा बांधून घेतली. सुरुवातीची इंजिने बिननावाची होती. १९३५ मध्ये राजे पाचवे जॉर्ज यांच्या राज्यारोहणाला २५ वर्षे झाली. त्या निमित्ताने एका इंजिनाला चकचकीत काळा रंग देऊन ‘सिल्व्हर ज्युबिली’ असे नाव दिले गेले. तेव्हापासून सगळा वर्ग ‘ज्युबिली’ म्हणून ओळखला जाऊ लागला आणि बाकीच्या इंजिनांनाही नावे मिळाली. कॅनडा-ऑस्ट्रेलियातील प्रांत, वसाहती, नौदलाचे सेनानी, सागरी लढाया, युद्धनौका अशी ती यादी आहे.

त्यात ५५७४ ते ५५९४ हे २१ क्रमांक भारताच्या वाट्याला आले. पहिले ‘इंडिया’. मग मद्रास, बॉम्बे, बंगाल, संयुक्त प्रांत, पंजाब, तेव्हा ब्रिटिश भारतातच असलेला ब्रह्मदेश, बिहार आणि ओरिसा, नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत, आसाम आणि वायव्य सरहद्द. त्यानंतर संस्थाने सुरू होतात.

संस्थानांचा क्रम पाहण्यासारखा आहे. ५५८५ ते ५५८९ ही नावे अशी: हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, काश्मीर, ग्वाल्हेर. ब्रिटिश राजवटीत २१ तोफांच्या सलामीचा मान असलेली संस्थाने हीच पाच. पुढे ५५९० ते ५५९४ : त्रावणकोर, उदयपूर, इंदूर, कोल्हापूर, भोपाळ. ही १९ तोफांच्या मानाची. हा योगायोग वाटत नाही. दरबारात कोण कुठे बसणार हे ज्या उतरंडीने ठरायचे, तीच उतरंड इंजिनांच्या क्रमांकांत उतरलेली दिसते. या दहांपैकी चार गाद्या मराठ्यांच्या : बडोद्याचे गायकवाड, ग्वाल्हेरचे शिंदे, इंदूरचे होळकर आणि कोल्हापूरचे छत्रपती.

‘ज्युबिली’ इंजिन होते कसे?

आखणी विल्यम स्टॅनियर यांची. ते ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या स्विंडन कारखान्यात घडलेले अभियंता. १९३२ मध्ये एलएमएसने त्यांना मुख्य यांत्रिक अभियंता म्हणून आणले. १९२३ मध्ये अनेक जुन्या कंपन्यांचे विलीनीकरण होऊन एलएमएस तयार झाली होती. त्यामुळे तिच्याकडे नाना तऱ्हेची जुनी इंजिने होती. त्यांच्या जागी थोड्याच प्रकारची, पण भरवशाची इंजिने आणणे हे स्टॅनियर यांचे काम होते.

ज्युबिलीची चाकांची रचना ४-६-० अशी होती. म्हणजे पुढे वळणावर वाट दाखवणारी चार लहान चाके, मधे गाडी ओढणारी सहा मोठी चाके आणि मागे एकही नाही. मोठ्या चाकांचा व्यास सुमारे दोन मीटर, म्हणजे उंच माणसाच्याही डोक्याच्या वर जाणारा. तीन सिलिंडर होते आणि बॉयलरमधला वाफेचा दाब दर चौरस इंचाला २२५ पौंड. घरातल्या कुकरमध्ये शिटी होताना हा दाब साधारण १५ पौंड असतो. त्याच्या पंधरापट दाब एका लोखंडी पिंपात कोंडून, ते पिंप चाकांवर बसवून शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने पळवायचे, हे त्या काळातले एक्स्प्रेस इंजिन.

मग सुरुवातीला फजिती का झाली?

एलएमएसला घाई होती. या वर्गाची पहिली ११३ इंजिने आराखडा कागदावर असतानाच मागवली गेली. एक-दोन नमुने बांधायचे, वर्षभर चालवून पाहायचे आणि मग घाऊक मागणी द्यायची, हा क्रम पाळला गेला नाही. १९३४ मध्ये इंजिने रुळांवर येऊ लागली आणि तक्रारीही सुरू झाल्या. चढावर वाफ कमी पडते, गाडी उशिरा पोहोचते, फायरमनने कितीही कोळसा टाकला तरी दाब टिकत नाही, अशा त्या तक्रारी होत्या.

मूळ दोष सुपरहीटरमध्ये होता. पाणी उकळून तयार झालेली वाफ त्या दाबाला साधारण २०० अंश सेल्सिअसची असते. ती तशीच सिलिंडरमध्ये सोडली तर सिलिंडरच्या तुलनेने थंड भिंतीला लागून तिचे काही प्रमाणात पुन्हा पाणी होते. कढईवरच्या थंड झाकणाला आतून थेंब धरतात, तसेच. पाणी झालेली वाफ पिस्टन ढकलत नाही, म्हणजे तेवढा कोळसा वाया. उपाय असा की, सिलिंडरकडे जाणारी वाफ आधी बारीक नळ्यांतून पुन्हा गरम धुरातून फिरवायची. तिचे तापमान आणखी शंभरेक अंशांनी किंवा त्याहून जास्त वाढले, की ती ‘कोरडी’ होते आणि सिलिंडरमध्ये लगेच पाणी होत नाही. या नळ्यांचा संच म्हणजे सुपरहीटर.

स्टॅनियर ज्या स्विंडनच्या परंपरेतून आले होते तिथे कमी सुपरहीटवर भागत असे. तीच सवय ज्युबिलीत आली. सुरुवातीच्या इंजिनांत सुपरहीटरच्या नळ्यांचे फक्त १४ संच होते. स्विंडनची सवय एलएमएसच्या मार्गांना आणि तिथल्या कामाच्या पद्धतीला मानवली नाही.

चूक दुरुस्त कशी झाली?

इथून पुढचा भाग या वर्गाच्या इतिहासातला सर्वात शिकण्यासारखा आहे. कंपनीने फायरमनला दोष देऊन विषय संपवला नाही. गाडीला मोजमापाचा खास डबा जोडला, इंजिन किती ओढते, किती कोळसा-पाणी खाते, वाफेचे तापमान किती राहते हे धावत्या गाडीत नोंदवले. सुपरहीटरचे संच १४ वरून २१ आणि मग २४ केले. धूर बाहेर फेकणाऱ्या नळीच्या तोंडाचा आकार बदलला, म्हणजे भट्टीला ओढ चांगली मिळू लागली. पुढच्या इंजिनांत भट्टीची जाळीही थोडी मोठी झाली.

परिणाम दिसला. १९३७ मध्ये ५६६० ‘रूक’ या ज्युबिलीने ब्रिस्टल-लीड्स-ग्लासगो अशा कठीण, चढ-उतारांच्या मार्गावर चाचणी धाव घेतली आणि तिची कामगिरी गाजली. तीन वर्षांपूर्वी हिणवला जाणारा वर्ग कंपनीच्या वेगवान गाड्यांचा भरवशाचा आधार झाला. स्टॅनियर यांनीही आपला मूळ निर्णय चुकल्याचे कामातून मान्य केले. त्यांच्या पुढच्या इंजिनांत सुपरहीट भरपूर दिसतो.

त्याच काळात भारतात काय घडत होते?

भारतातही १९२० च्या दशकात रेल्वे कंपन्यांसाठी समान आराखड्याची इंजिने घ्यायचे ठरले. भारतीय कोळशात राख जास्त. त्यासाठी रुंद भट्टी हवी, आणि रुंद भट्टीचे वजन पेलायला मागे आणखी एक जोड चाके हवीत. त्यातून ४-६-२ रचनेची, ‘पॅसिफिक’ म्हणून ओळखली जाणारी एक्स्प्रेस इंजिने आली. एक्सए, एक्सबी आणि एक्ससी असे त्यांचे तीन वर्ग होते. हलक्या रुळांसाठी एक्सए, मध्यम एक्सबी आणि जड एक्ससी. आराखडे ब्रिटिश होते आणि बांधणीत मँचेस्टर-लिव्हरपूल दरम्यानच्या व्हल्कन फाउंड्रीचा मोठा वाटा होता. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीची साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनेही याच कारखान्यातली.

इथेही तीच घाई झाली. पुरेशी चाचणी न करता घाऊक मागण्या दिल्या गेल्या आणि तिन्ही वर्ग मिळून २८४ इंजिने घेतली गेली. तक्रारी मात्र ज्युबिलीपेक्षा गंभीर होत्या. इंजिनांच्या सांगाड्याला तडे जात होते. मुख्य म्हणजे वेग वाढला की इंजिन डावी-उजवीकडे झोके घेऊ लागे. रेल्वेच्या भाषेत याला ‘हंटिंग’ म्हणतात. मधल्या जोडचाकांच्या पुढची आणि मागची लहान चाके इंजिनाला पुरेसे आवरून धरत नव्हती. दर झोक्याला रुळांना बाजूने धक्का बसे. खालची खडी आणि स्लीपर मजबूत असतील तर तो धक्का पचतो. पावसाळ्यात भुसभुशीत झालेल्या मार्गावर तोच धक्का रूळ जागेवरून सरकवतो आणि वाकलेला रूळ पुढचा झोका आणखी वाढवतो.

या तक्रारी १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून कागदांवर होत्या. काही सुधारणा झाल्या, काही ठिकाणी वेग कमी करण्यात आला. पण इंजिने धावत राहिली.

बिहटाला काय झाले?

१७ जुलै १९३७. ईस्ट इंडियन रेल्वेची पंजाब-हावडा एक्स्प्रेस बिहारमधील पाटण्याच्या पश्चिमेला बिहटा स्थानकाजवळ घसरली. पुढे एक्सबी वर्गाचे इंजिन होते. डबे एकमेकांवर चढले आणि शंभराहून अधिक प्रवासी मरण पावले. तोवरच्या भारतीय रेल्वेच्या इतिहासातल्या सर्वात भीषण अपघातांपैकी हा एक.

सुरुवातीला घातपाताचीही चर्चा झाली. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर जॉन थॉम यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. त्या चौकशीत बोट इंजिनाच्या डोलण्याकडे आणि त्यामुळे बिघडलेल्या रुळांकडे गेले. केंद्रीय विधिमंडळात प्रश्न विचारले गेले. दोष माहीत असताना एवढी इंजिने घेतली कोणी आणि चालवत ठेवली का, हा त्यातला मुख्य प्रश्न होता.

स्टॅनियर यांचा भारताशी संबंध कसा आला?

सरकारने १९३८ मध्ये ‘पॅसिफिक लोकोमोटिव्ह कमिटी’ नेमली. अध्यक्ष होते ब्रिटनचे मुख्य रेल्वे निरीक्षक लेफ्टनंट कर्नल ॲलन माउंट. सदस्यांत ब्रिटिश आणि फ्रेंच अभियंते होते आणि त्यात विल्यम स्टॅनियर होते. ज्यांच्या इंजिनांवर बॉम्बे, बडोदा, कोल्हापूर ही नावे झळकत होती, तेच आता भारतातल्या इंजिनांचे दोष तपासत होते. चाचणीआधी घाऊक मागणी दिल्यावर काय होते, हे त्यांनी ज्युबिलीच्या निमित्ताने स्वतः अनुभवले होते.

समितीचा अहवाल १९३९ मध्ये आला. पुढच्या बोगीला आडव्या हालचालीत जास्त आवर घालणे, इंजिन आणि कोळसा-पाण्याचा टेंडर यांची जोडणी सुधारणे, रुळांची देखभाल वाढवणे असे तांत्रिक उपाय त्यात होते. नीट चाचणी न करता मोठी खरेदी केल्याबद्दल टीकाही होती. दुरुस्तीनंतर ही इंजिने पुढे अनेक वर्षे चालली.

पण या अहवालाचा सर्वात दूरगामी परिणाम इंजिनांवर नाही, व्यवस्थेवर झाला. तोवर रेल्वेची सुरक्षा तपासणारे सरकारी निरीक्षक रेल्वे बोर्डाच्याच अधिपत्याखाली होते. म्हणजे खरेदी करणारा, गाडी चालवणारा आणि तपासणारा एकाच छताखाली. निरीक्षकांना बोर्डापासून वेगळे करण्याची तरतूद १९३५ च्या कायद्यात होती, पण ती कागदावरच राहिली होती. पॅसिफिक समितीने या मुद्द्याला बळ दिले. मे १९४१ मध्ये निरीक्षक यंत्रणा रेल्वे बोर्डाकडून काढून टपाल व हवाई खात्याकडे देण्यात आली. आजचा रेल्वे सुरक्षा आयोग नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाखाली का, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे मूळ इथे आहे.

चूक एकच, मग परिणाम वेगळे का?

दोन्ही ठिकाणी आराखड्यावरूनच घाऊक मागणी दिली गेली आणि दोन्ही ठिकाणी इंजिने सुरुवातीला फसली. ब्रिटनमध्ये किंमत वाया गेलेला कोळसा आणि उशिरा पोहोचलेल्या गाड्या एवढीच राहिली. भारतात ती माणसांच्या जिवांनी मोजावी लागली.

एक कारण दोषाच्या प्रकारात आहे. वाफ कमी पडली तर गाडी रखडते, इंजिन डोलले तर गाडी घसरते. पण दुसरे कारण व्यवस्थेचे आहे. एलएमएसमध्ये आखणारा, बांधणारा, चालवणारा आणि मोजणारा यांच्यात अंतर कमी होते. तक्रार आली की इंजिन कारखान्यात आणून दोन-तीन वर्षांत बदल करता आले. भारतात आराखडा एकीकडे, कारखाने इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये, खरेदीचा निर्णय दिल्ली-सिमल्यात आणि इंजिन चालवणारा ड्रायव्हर गंगेच्या खोऱ्यात. त्याने सांगितलेली गोष्ट निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचून त्यावर कृती व्हायला दहा वर्षे गेली आणि तरी ती अपुरी ठरली.

मुंबईच्या रुळांवर याचे पडसाद कुठे?

सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोल्यातून लोकल पकडायला निघालेला प्रवासी ज्या मार्गावर उभा राहतो, तो पूर्वी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा. १९२८ च्या जानेवारीत इथे कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये याच मार्गावरून फ्रंटियर मेल पेशावरकडे धावू लागली. ही गाडी आज गोल्डन टेंपल मेल नावाने अमृतसरला जाते. त्या काळात लोकल विजेवर धावत होती, तर शेजारून लांब पल्ल्याची गाडी कोळशाचा धूर सोडत जात होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या बाजूला मात्र १९३० पर्यंत पुणे आणि इगतपुरीपर्यंत वीज पोहोचली होती.

याच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९३७ मध्ये एक्सपी वर्गाची दोन प्रायोगिक पॅसिफिक इंजिने व्हल्कन फाउंड्रीकडून घेतली. संख्या लक्षात घ्या : फक्त दोन. आधी प्रयोग, मग पुढचा विचार. त्या अनुभवातून आणि पॅसिफिक समितीच्या शिफारशींतून डब्ल्यूपी वर्ग आकाराला आला. बंदुकीच्या गोळीसारखे गोल नाक आणि त्यावर तारा असलेले हे इंजिन आजही अनेक ज्येष्ठांना आठवते. १९४७ मध्ये अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्याकडून त्याचे आधी १६ नमुने आले. ते चालवून, बदल सुचवून मग मोठी मागणी दिली गेली. पुढे या वर्गाची ७५५ इंजिने झाली. ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित सेवा १९९५ मध्ये थांबली; वाफेच्या काळात डब्ल्यूपी हा भारतीय प्रवासी गाड्यांचा मुख्य चेहरा होता.

‘ज्युबिली’चे पुढे काय झाले?

८ ऑक्टोबर १९५२ रोजी लंडनजवळ हॅरो अँड वेल्डस्टोन स्थानकात तीन गाड्यांची टक्कर होऊन ११२ जणांचा मृत्यू झाला. त्यात ४५६३७ ‘विंडवर्ड आयलंड्स’ ही ज्युबिली नष्ट झाली. दोष तिचा नव्हता. मागून आलेल्या गाडीने धोक्याचा सिग्नल ओलांडला होता. या अपघातानंतर ड्रायव्हरला सिग्नलची सूचना देणारी आणि वेळेवर प्रतिसाद न मिळाल्यास ब्रेक लावणारी यंत्रणा बसवण्याला ब्रिटनमध्ये वेग आला. आपल्याकडची ‘कवच’ प्रणाली त्याच गरजेतून आलेली, पण कितीतरी प्रगत आवृत्ती.

१९६० च्या दशकात डिझेल आल्यावर ज्युबिली भंगारात जाऊ लागल्या. बॉम्बे, बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर यांपैकी एकही उरली नाही. ‘कोल्हापूर’ मात्र शेवटपर्यंत टिकलेल्या मोजक्या इंजिनांत होते. १९६७ च्या उन्हाळ्यात लीड्सच्या होलबेक शेडमधून ते सेटल-कार्लाइल या डोंगरी मार्गावर शनिवारच्या जादा गाड्या ओढत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते सेवेतून काढले गेले आणि टाइझलीच्या हौशी मंडळींनी ते विकत घेऊन वाचवले. आज १९१ पैकी चारच ज्युबिली शिल्लक आहेत : कोल्हापूर, बहामास, लिअँडर आणि गॅलेटिया. त्यांतल्या शेवटच्या दोन तर वेल्समधल्या बॅरीच्या भंगारवाड्यातून बाहेर काढलेल्या.

‘कोल्हापूर’ गेली अनेक वर्षे धावते नाही. जुने इंजिन चालते ठेवणे आता सोपेही राहिलेले नाही. वेल्समधील एफॉस-ई-फ्रॅन ही मोठी कोळसा खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटनचे शेवटचे कोळशावरचे वीज केंद्रही थांबले. ज्या देशाने जगाला कोळशाची रेल्वे दिली, तिथल्या वारसा गाड्यांना आता परदेशातून कोळसा आणावा लागतो. सुरक्षेचे नियमही सैल झालेले नाहीत. जुन्या डब्यांच्या दारांना केंद्रीय कुलूप व्यवस्था हवी, या अटीविरुद्ध एक वारसा गाडी कंपनी न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०२३ मध्ये हरली. गाडी हौसेची असली तरी प्रवासी खरे आहेत, असा त्याचा अर्थ.

आज याचा आपल्याशी संबंध काय?

नवी गाडी किंवा इंजिन प्रवाशांसाठी देण्याआधी आज लखनऊची आरडीएसओ ही संस्था ‘ऑसिलेशन ट्रायल’ घेते. १९३० मध्ये स्थापन झालेले सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि १९५२ चे रेल्वे चाचणी व संशोधन केंद्र एकत्र करून १९५७ मध्ये ती उभी राहिली. डब्याला संवेदक लावून वेगवेगळ्या वेगाला आडवे आणि उभे हेलकावे किती येतात हे नोंदवले जाते. त्यानंतर रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मोहोर लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये खार ते गोरेगाव सहावी मार्गिका सुरू झाली, ती सांताक्रूझवरूनच जाते. तीही अशा तपासणीनंतरच खुली झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे-बीकेसी भुयारी मेट्रो सुरू होण्याआधी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या प्रमाणपत्राची वाट पाहिली गेली. वाकोल्याच्या दक्षिणेला वांद्रे-कुर्ला संकुलात बुलेट ट्रेनचे भूमिगत स्थानक उभे राहत आहे, तिथेही हाच टप्पा येईल. उद्घाटन लांबले की आपण वैतागतो. पण लांबण्याचे कारण तपासणी असेल, तर तो उशीर आपल्याच फायद्याचा आहे.

पाण्याचा ग्लास हे या सगळ्याचे लोकांना कळेल असे दृश्य आहे, पुरावा नव्हे. चांगल्या मार्गावर, नव्या गाडीत, एका दिवशी पाणी सांडले नाही एवढेच त्यातून कळते. झिजलेल्या चाकांवर, पावसाळ्यात, भरलेल्या डब्यांसह, पाच वर्षांनी काय होईल हे संवेदकांच्या नोंदींतून आणि नियमित देखभालीतूनच कळते. बिहटाचे इंजिनही कोरड्या दिवशी, चांगल्या रुळांवर धावतच होते.

म्हणून नव्या गाडीची चित्रफीत पुढे पाठवताना काही प्रश्न सोबत जायला हवेत. घाऊक मागणी देण्याआधी किती नमुने चालवून पाहिले? चाचणी कोणत्या मार्गावर आणि कोणत्या ऋतूत झाली? लोको पायलट आणि ट्रॅकमन यांच्या तक्रारी कुठे नोंदल्या जातात आणि त्यावर किती दिवसांत कृती होते? आणि तपासणारा माणूस खरेदी करणाऱ्यापासून खरोखर स्वतंत्र आहे का? ज्युबिलीच्या बाबतीत यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे तीन वर्षांत मिळाली. भारतातल्या पॅसिफिक इंजिनांबाबत ती मिळायला बिहटा घडावे लागले.